होकारापूर्वी यादी : लिनक्स संगणकाच्या अपडेटमधील अनिष्ट बदल

(इयत्ता सातवी व आठवीसाठी, तसेच शाळेतील संगणकाची देखरेख करणाऱ्या शिक्षकांसाठी)

पाठाचा हेतू

संगणक सुरू करताच ‘नवे अपडेट उपलब्ध आहे’ अशी सूचना पुष्कळदा पडद्यावर येते. ती न वाचताच होकार देण्याची सवय मुलांस व मोठ्यांसही जडलेली असते. काम बहुधा सुरळीत पार पडते. परंतु एखाद्या दिवशी मराठी कळफलक दिसेनासा होतो, एखादा कार्यक्रम उघडत नाही, किंवा न मागितलेली नवीच वस्तू यंत्रात येऊन बसलेली आढळते. अशा वेळी ‘संगणक बिघडला’ असे म्हणून विषय संपविला जातो. वस्तुतः तो बिघडलेला नसतो. त्याने घरच्याच माणसाच्या होकाराने ते बदल केलेले असतात. पाठाच्या अखेरीस विद्यार्थ्यास तीन गोष्टी समजाव्यात: पॅकेज म्हणजे काय, एक पॅकेज बदलले असता दुसरे का येते, का जाते, आणि होकार देण्यापूर्वी व दिल्यानंतर काय वाचावे.

प्रस्तावना : कवाड नसलेले घर

पाठाचा आरंभ मुलांच्या परिचयाच्या गोष्टीपासून करावा. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर येथे घरांस कवाड व कुलूप न लावण्याची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. चौकट असते, उंबरठा असतो; कुत्री-मांजरे आत शिरू नयेत म्हणून कोठे पडदा तर कोठे आडवी फळी असते. गावाचे रक्षण शनिदेव करितो, ही त्यामागील श्रद्धा होय. २०११ साली युको बँकेने या गावी शाखा उघडली, तेव्हा तिनेही गावाच्या भावनेचा मान राखून दर्शनी कुलूप लावले नाही. काचेचे दार ठेवून, डोळ्यांत भरणार नाही असे विद्युतचुंबकीय बंधन त्यास जोडले.

येथे शिक्षकांनी प्रश्न विचारावा : “कवाड नसलेल्या घराच्या उंबरठ्यावर अनोळखी माणूस आला, तर घरचे माणूस काय करिते?” मुले सांगतील, “कोण पाहिजे, असे विचारते.” हे उत्तर फळ्यावर लिहून ठेवावे. कवाड नाही, याचा अर्थ घरात कोणी जागे नाही असा होत नाही. सर्व पाठ या एका उत्तरावर उभा करावयाचा आहे.

लिनक्स प्रणालीची रचनाही उघड्या घरासारखी आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिच्या गाभ्याचा आरंभ केला. तिची मूळ आज्ञावली कोणासही वाचता येते, बदलता येते व वाटता येते. जगभरची माणसे तीत सुधारणा करितात आणि त्या अपडेटच्या वाटेने शाळेतील संगणकापर्यंत पोचतात. उंबरठा ओलांडून येणाऱ्या प्रत्येकास ‘कोण पाहिजे?’ असे विचारण्याचे काम मात्र यंत्राच्या धन्याचेच असते.

विषय-विवेचन

(१) पॅकेज व त्याची नाती. लिनक्स संगणकातील प्रत्येक कार्यक्रम एका गाठोड्यात बांधून येतो. त्या गाठोड्यास पॅकेज म्हणतात. त्यात कार्यक्रमाच्या फायली असतात, आणि एक चिठ्ठीही असते. पॅकेजाचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, त्यास चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजे हवीत आणि कोणत्या पॅकेजांशी त्याचे जमत नाही, हे सर्व त्या चिठ्ठीत नोंदलेले असते. अशी हजारो पॅकेजे एका मोठ्या भांडारात ठेविलेली असतात. १९९३ साली सुरू झालेली डेबियन ही प्रणाली आणि तिच्या आधारे २००४ पासून निघू लागलेली उबुंटू, या दोहोंत भांडारातून पॅकेज आणणे, बसविणे व काढणे हे काम ‘एपीटी’ नावाचा व्यवस्थापक करितो.

पॅकेजांची नाती समजण्यासाठी सामाईक विहिरीचे उदाहरण द्यावे. समजा, चार शेतकऱ्यांची एक विहीर आहे व तिच्यावर एक पंप आहे. जुना पंप काढून नवा बसविला; पण त्याचे तोंड मोठे निघाले. ज्यांचे पाइप नव्या तोंडास बसतात त्यांचे पाणी चालू राहील. ज्याचा पाइप बसत नाही त्याने एक तर नवा जोड आणावा, नाही तर पाण्यास मुकावे. पंप बदलणाऱ्याच्या मनात कोणाचे वाईट करावयाचे नव्हते. विहीर सामाईक असल्यामुळे एकाचा बदल सर्वांस लागू झाला. संगणकातही अनेक कार्यक्रम एकाच सामाईक ग्रंथालय-पॅकेजाचा उपयोग करितात. ते नवे झाले की त्याच्यावर विसंबलेल्या कार्यक्रमांनाही नवे व्हावे लागते. जे होऊ शकत नाहीत, त्यांना व्यवस्थापक बाहेर काढण्याचा प्रस्ताव मांडतो.

(२) न मागितलेले बदल कोणत्या प्रकारचे असतात. ते पाच प्रकारांत मांडता येतात.

पहिला प्रकार भर पडण्याचा. मागितले एक, पण त्याच्या चिठ्ठीप्रमाणे सोबत दहा आले. काही अत्यावश्यक असतात, तर काहींची केवळ शिफारस असते.

दुसरा प्रकार वगळण्याचा. दोन पॅकेजांचे जमत नसेल, तर एक ठेवण्यासाठी दुसरे काढले जाते.

तिसरा प्रकार साफसफाईचा. दुसऱ्या कोणासाठी म्हणून आलेले पॅकेज, तो ‘दुसरा’ निघून गेल्यावर, निरुपयोगी समजले जाते व ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा दिल्यास काढले जाते. मराठी टंकलेखनाची सोय जर अशाच एखाद्या मोठ्या संचाबरोबर आलेली असेल आणि तो संच कोणी काढला, तर कळफलकाचे पॅकेजही साफसफाईच्या यादीत जाऊ शकते. यंत्राच्या दृष्टीने ते अनाथ असते. वर्गाच्या दृष्टीने मात्र रोजच्या गरजेचे असते. ही गरज यंत्रास आपोआप कळत नाही, ती सांगावी लागते.

चौथा प्रकार सर्वांत फसवा, कारण त्यात नाव तेच राहते व वस्तू बदलते. उबुंटूच्या ऑक्टोबर २०१९ मधील १९.१० या आवृत्तीपासून क्रोमियम या ब्राउझरचे पॅकेज नेहमीच्या स्वरूपात येईनासे झाले. जुन्या नावाने ते मागितले असता आतून ‘स्नॅप’ या निराळ्या पद्धतीचे पॅकेज येऊ लागले. एप्रिल २०२२ मधील २२.०४ आवृत्तीत फायरफॉक्सचेही तसेच झाले. प्रत्येक आवृत्तीसाठी ब्राउझर वेगळा बांधण्याचे श्रम वाचावेत, हे त्यामागील एक कारण होते, आणि ते समजण्याजोगे आहे. परंतु स्नॅप पॅकेजे एपीटीच्या कक्षेबाहेर राहून आपोआप नवी होतात; त्यामुळे अनेक वापरणाऱ्यांस हा बदल रुचला नाही. उबुंटूवरच आधारलेल्या लिनक्स मिंट या प्रणालीने २०२० सालच्या आपल्या विसाव्या आवृत्तीत, वापरणाऱ्याने मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज एपीटीद्वारे स्नॅपची व्यवस्था बसू नये, अशी तजवीज केली.

पाचवा प्रकार मांडणीच्या फायलींचा. शाळेने आपल्या सोयीसाठी एखाद्या फायलीत फेरफार केलेला असतो आणि नव्या पॅकेजाबरोबर त्याच फायलीची नवी प्रत येते. तेव्हा डेबियन व उबुंटू प्रणाली थांबून विचारते : जुनी ठेवावी की नवी घ्यावी? काहीही न लिहिता पुढे गेल्यास शाळेची जुनी प्रत राखली जाते. प्रश्न न वाचता ‘नवी’ असे सांगणाऱ्याचा फेरफार मात्र बाजूला पडतो.

(३) न वाचता दिलेला होकार. नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅनडातील लिनस सेबास्टियन या चित्रफितकाराच्या बाबतीत घडलेला प्रसंग वर्गात सांगण्याजोगा आहे. त्यांनी पॉप-ओएस या लिनक्स प्रणालीवर स्टीम हा खेळांचा कार्यक्रम बसवावयास घेतला. त्या वेळी भांडारातील काही पॅकेजांच्या आवृत्त्या परस्परांशी जुळत नव्हत्या. व्यवस्थापकाने मेळ घालण्याचा जो मार्ग काढला, त्यात संगणकाचा सर्व चित्रमय पडदा उभा करणारी पॅकेजेच काढून टाकावयाची होती. त्याने ती यादी दाखविली, धोक्याचा इशारा दिला, आणि ‘होय, मी सांगतो तसे कर’ या अर्थाचे पूर्ण इंग्रजी वाक्य लिहावयास सांगितले. वाक्य लिहिले गेले आणि पडदा नाहीसा झाला. उरली ती केवळ काळ्या पाटीवरील अक्षरे.

यात दोष कोणाचा, यावर पुष्कळ चर्चा झाली. भांडारातील चूक पॉप-ओएसच्या चालकांनी दुरुस्त केली, आणि एपीटीच्या २.३.१२ या आवृत्तीपासून अत्यावश्यक पॅकेजे काढून मेळ घालण्याचा तो मार्गच बंद करण्यात आला. विद्यार्थ्यांनी यातून दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्यात. व्यवस्थापकाने इशारा दिला होता, हे खरे. परंतु रोज शंभर सूचना दाखविणाऱ्या यंत्राची एकशे-एकावी सूचना माणूस वाचत नाही, हेही तितकेच खरे. म्हणूनच वाचण्याची सवय ही इच्छेवर न सोडता शिकवावी लागते.

(४) मग अपडेट बंदच करावे काय? मुलांपैकी कोणी तरी असा प्रश्न निश्चित विचारील. याचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे द्यावे. एप्रिल २०१४ मध्ये ओपन-एसएसएल या सामाईक पॅकेजात एक गंभीर दोष उघडकीस आला. ‘हार्टब्लीड’ या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या योगाने सर्व्हर संगणकाच्या स्मृतीतील गुप्त मजकूर परक्यास वाचता येत असे. त्यावरील उपाय अपडेटच्या वाटेनेच आला. ज्यांनी वाट बंद केली होती, त्यांच्यापर्यंत औषधही पोचले नाही.

याच्या उलट बाजूही आहे. २०२४ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत एक्सझेड या फायली आकसविण्याच्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या दोन आवृत्त्या निघाल्या. विश्वास संपादन करून त्या कामात शिरलेल्या एकाने त्यांत चोरवाट लपविली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास, दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच जाणवले. त्या अर्ध्या सेकंदाचा त्यांनी पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी चोरवाट जगापुढे मांडली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ही पॅकेजे तोवर पोचलेली नव्हती. नवी आवृत्ती लगोलग न स्वीकारता पारखून घेण्याच्या तिच्या रीतीचा येथे उपयोग झाला. घर उघडे असले तरी त्यात जागे माणूस असावे, असे प्रस्तावनेत म्हटले, त्याचे हे उत्तम उदाहरण होय.

(५) पाठभेदांचा जुना धडा. नक्कल होत जाणाऱ्या वस्तूत नको ते बदल शिरतात, ही अडचण यंत्रयुगातच उद्भवली असे नाही. शनिशिंगणापूर ज्या तालुक्यात आहे, त्याच नेवासे तालुक्यात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. हस्तलिखितांवरून हस्तलिखिते होत गेली, आणि सुमारे तीनशे वर्षांत त्यांत पाठभेद व अशुद्धे शिरली. नकला करणारे बहुतेक श्रद्धाळूच होते. बिघाड करण्याचा त्यांचा हेतू नव्हता. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी त्यात स्वतःची भर घालू नये, अशी ताकीदही दिली. लिनक्सच्या भाषेत बोलावयाचे तर त्यांनी प्रती पडताळल्या, खात्रीची आवृत्ती ठरविली आणि ती धरून ठेवावयास सांगितले. ग्रंथ गोठविला म्हणून त्याचे वाचन थांबले नाही. उलट वाचणाऱ्यास पायाखालची जमीन पक्की झाली.

शिक्षकांनी पाळावयाचा क्रम

शाळेच्या संगणकावर डेबियन, उबुंटू अथवा तत्सम प्रणाली असल्यास पुढील क्रम ठेवावा.

एक : परीक्षा, निकालपत्रके अथवा माहिती भरण्याची मुदत यांच्या आदल्या दिवशी मोठे अपडेट करू नये. सुरक्षेची अपडेटे मात्र फार दिवस तुंबवू नयेत.

दोन : आरंभी ‘एपीटी अपडेट’ ही आज्ञा द्यावी. हिने केवळ भांडाराची यादी ताजी होते. यंत्रातील काहीही बदलत नाही.

तीन : त्यानंतर ‘एपीटी अपग्रेड’ ही आज्ञा द्यावी. हिच्या योगाने नव्या आवृत्त्या येतात, गरजेची नवी पॅकेजेही येऊ शकतात; परंतु असलेले पॅकेज काढले जात नाही. ‘फुल-अपग्रेड’ या आज्ञेने मात्र पॅकेजे काढलीही जातात. म्हणून ती आज्ञा विचारपूर्वक व यादी पाहूनच द्यावी. प्रत्यक्ष बदल न करता केवळ तालीम पाहावयाची असल्यास ‘सिम्युलेट’ हा पर्याय आहे.

चार : होकारापूर्वी तीन रकाने वाचावेत : नवी येणारी, रोखून धरलेली आणि काढली जाणारी पॅकेजे. तिसऱ्या रकान्यात एकही अनोळखी नाव असल्यास ‘नाही’ म्हणावे व चौकशी करावी. नकार दिल्याने काहीही नुकसान होत नाही. तीच आज्ञा उद्या पुन्हा देता येते.

पाच : मराठी कळफलक, देवनागरी टंक यांसारखी जी पॅकेजे वर्गास हवीतच, ती ‘एपीटी-मार्क मॅन्युअल’ या आज्ञेने ‘मुद्दाम बसविलेली’ म्हणून नोंदवावीत, म्हणजे साफसफाईत ती जात नाहीत. एखादी आवृत्ती तशीच धरून ठेवावयाची असल्यास ‘होल्ड’ ही आज्ञा आहे. परंतु धरून ठेविलेल्या पॅकेजास सुरक्षेची दुरुस्तीही मिळत नाही. म्हणून धरल्याची तारीख व कारण वहीत लिहावे आणि कारण संपताच ते मोकळे करावे.

सहा : बाहेरचे भांडार जोडताना विशेष सावध राहावे. भांडाराच्या यादीवर सही असते व एपीटी ती तपासतो, त्यामुळे वाटेत कोणी वस्तू बदलली तर ते उघडकीस येते. परंतु ज्याचे भांडारच एकदा विश्वासू म्हणून मान्य केले, त्यास यंत्रातील इतर पॅकेजांच्या जागी आपली पॅकेजे देण्याचीही मुभा मिळते. एका खेळासाठी जोडलेले भांडार काम झाल्यावर काढून टाकावे.

सात : काही अनिष्ट घडलेच, तर घाबरून प्रणाली नव्याने बसवू नये. कोणत्या दिवशी, कोणत्या आज्ञेने, कोणती पॅकेजे आली, गेली वा बदलली, याची रोजनिशी एपीटी स्वतःच ‘हिस्टरी’ नावाच्या नोंदफायलीत ठेवतो. ती उघडून त्या तारखेची नोंद वाचावी. गेलेले पॅकेज नावाने परत मागविता येते. फेडोरा प्रणालीत ‘डीएनएफ हिस्टरी’ या सोयीने बहुधा संपूर्ण व्यवहारच उलटविता येतो. लिनक्स मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ हे साधन अपडेटपूर्वीची प्रणाली जपून ठेविते. परंतु मुद्दाम सांगितल्याखेरीज ते मुलांच्या स्वतःच्या फायली जपत नाही. त्यांची प्रत निराळी काढावी.

केरळ राज्यात ‘काइट’ ही शासकीय संस्था उबुंटूच्या आधारे शाळांसाठी स्वतंत्र प्रणाली तयार करून देते. त्यामुळे काय घ्यावे व काय वगळावे, याचा पुष्कळसा निर्णय जाणकारांकडून आधीच झालेला असतो. जेथे अशी सोय नाही तेथे वरील क्रम प्रत्येक शाळेने स्वतःच पाळावा. शिक्षकांस अभ्यास वाढवावयाचा असल्यास मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील लिनक्सविषयक ध्वनिचित्रपाठ मराठीतही उपलब्ध आहेत.

वर्गातील कृती

संगणक एकच असला किंवा वीज नसली तरी ही कृती करता येते. दहा मुलांस दहा पत्ते द्यावेत. प्रत्येक पत्त्यावर एक नाव लिहावे : मराठी लेखन, कळफलक, देवनागरी टंक, चित्रकला, गणिताचा खेळ, ब्राउझर इत्यादी. एका मुलास ‘सामाईक ग्रंथालय, आवृत्ती १’ असा पत्ता द्यावा. ज्याला ज्याची गरज आहे, त्याने त्याच्यापर्यंत सुतळी धरावी. आता ‘आवृत्ती २’ लिहिलेला पत्ता हाती घेऊन नवा मुलगा आत येतो व जुना बाहेर जातो. ज्यांच्या पत्त्यावर ‘१ किंवा २ चालेल’ असे लिहिले आहे ते सुतळी नव्याकडे देतील. ज्यांच्यावर ‘फक्त १’ आहे त्यांची सुतळी खाली पडेल व ते बसतील.

हाच खेळ पुन्हा घ्यावा. या वेळी नव्या मुलास उंबरठ्यावर थांबवून एका विद्यार्थ्याने विचारावे : “तू आलास तर कोण बसेल?” उत्तरादाखल नावे फळ्यावर लिहिली जावीत, आणि मगच वर्गाने ‘होय’ वा ‘नाही’ म्हणावे. पहिल्या व दुसऱ्या खेळांत बदल तोच होता. फरक केवळ विचारण्याचा होता, हे मुलांच्याच तोंडून वदवून घ्यावे.

स्वाध्याय

१. ‘अपडेट’ व ‘अपग्रेड’ या दोन आज्ञांतील फरक दोन वाक्यांत लिहा.
२. सामाईक विहिरीच्या उदाहरणात पंप, पाइप व नवा जोड यांच्या जागी संगणकातील कोणत्या गोष्टी येतील?
३. पॅकेज धरून ठेवण्याचा एक लाभ व एक तोटा सांगा.
४. मराठी कळफलक यंत्रास ‘अनाथ’ का वाटू शकतो? तसे होऊ नये म्हणून काय कराल?
५. शाळेच्या संगणकाची रोजनिशी शिक्षकांच्या मदतीने उघडा. शेवटच्या अपडेटच्या दिवशी आलेल्या तीन व गेलेल्या एका पॅकेजाचे नाव वहीत उतरवून घ्या. एकही गेलेले नसल्यास तसे लिहा.

शिक्षकांनी संगणकाजवळ एक साधी वही ठेवावी : तारीख, दिलेली आज्ञा, काढली गेलेली पॅकेजे आणि होकार देणाऱ्याची सही, असे चार रकाने पुरेत. सही करावयाची आहे हे ठाऊक असले, म्हणजे यादी आपोआपच वाचली जाते.